तिथीची पाऊणपट

साल 1725. माघ वद्य चतुर्थी, सूर्य उगवून चार-पाच घटका झालेल्या. तुम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर आहात. समोर कुलाबा किल्ला, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं. मनगटावर घड्याळ नाही, भरती-ओहोटीचं छापील कोष्टक नाही, आणि किल्ल्यात तर चालत जायचंय.

पाणी मागे सरलंय, शेवाळलेले खडक उघडे पडलेत. एक कोळीण उकिडवी बसून कालवं काढतेय. लोखंडी टोकानं शिंपला फोडायचा, आतला मऊ गर करवंटीत टाकायचा. मान वर न करता ती म्हणते, "जा बेगीन. चांद बुडला का पानी फिरंल."

तुम्ही पश्चिमेला पाहता. तटाच्या वर फिकट चंद्र मावळतीला आलाय.

या किनाऱ्यावर चंद्र माथ्यावर आला की साधारण भरती, क्षितिजाला टेकला की ओहोटी. तो पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे गेला की पुन्हा भरती. चंद्र आपल्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढतो, आणि पलीकडचं पाणी मध्यापेक्षा कमी. म्हणून पलीकडचं पाणी मागे राहतं आणि तिथेही फुगवटा येतो. म्हणूनच दिवसातून दोन भरत्या.

कोकणात आजही तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी, म्हणजे चाराची पाऊणपट तीन: तीन वाजता पूर्ण भरती, नवाच्या सुमारास ओहोटी. पाऊणच का? पृथ्वीची एक फेरी होईतो चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला रोज सुमारे 50 मिनिटं जास्त लागतात. तुम्ही आलात त्या काळी दिवसाच्या घटका 60, महिन्याच्या तिथी 30, म्हणजे तिथीमागे दोन घटका, 48 मिनिटं. पाऊण तासापेक्षा तीनच मिनिटं जास्त! न्यूटननं भरतीचं कारण 1687 मध्ये आपल्या ग्रंथात मांडलं. पण पोटासाठी समुद्रावर जाणाऱ्यांना वेळ कळणं भागच होतं, आणि ती त्यांनी चंद्रावरून ओळखली. मला हे ज्ञान त्या ग्रंथाइतकंच मोलाचं वाटतं.

निघा आता. पाणी घोट्यापर्यंत, एका खळग्यात गुडघ्यापर्यंत. अष्टमीला आला असतात तर पाऊणपटीनं ओहोटी भर दुपारी बाराला आली असती, सोयीची. पण तो भांग. सूर्याची भरती-ओढ चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी असते, पण अष्टमीला ती चंद्राशी काटकोनात येते, आणि पाणी फारसं हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला दोघं एका रेषेत येतात. ते उधाण: भरती मोठी, ओहोटीही खोल, मात्र सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. चतुर्थीला उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नसतो आणि उजेडही भरपूर असतो.

दरवाजाशी पोचून मागे पाहा, खळगा भरू लागलाय. पुढची ओहोटी 12 तास 25 मिनिटांनी, रात्री साडेनवाच्या आसपास. तोवर इथेच थांबावं लागेल. किल्ल्यात गोडं पाणी आहे.