बंदी कीं परवाना? : चीनच्या दरबारांतील अफूचा वाद

मादक पदार्थ एकदां समाजांत बोकाळला म्हणजे राज्यकर्त्यांपुढें दोन मार्ग उभे राहतात. तो पदार्थ कायद्यानें बंद करावा, हा एक. आणि त्यास उघड परवानगी देऊन त्यावर जकात बसवावी, जें थांबवितां येत नाहीं तें निदान नजरेखालीं ठेवावें, हा दुसरा. हा वाद आजकालचा वाटतो, परंतु इ. स. १८३६ मध्यें पेकिंगच्या दरबारांत तो दोन्ही बाजूंनीं मोठ्या स्पष्टपणें मांडला गेला होता. त्या वादाचा एक धागा थेट मुंबईच्या बंदरापर्यंत येऊन पोहोंचतो.

चीनमध्यें अफू ओढण्याचे अड्डे चालविण्यास १७२९ सालींच मनाई झाली होती, आणि पुढें अफूच्या आयातीवरही बंदी आली. तरी व्यापार वाढतच गेला. बंगालची अफू कंपनी सरकार कलकत्त्यास लिलांवानें विकी. शिंदे-होळकरांच्या मुलखांत पिकणारी माळव्याची अफू मुंबईस येई, आणि तिच्यावर कंपनी दर पेटीमागें फी घेऊन पास देई. तेथून खासगी व्यापाऱ्यांचीं जहाजें तो माल चीनच्या किनाऱ्यावर नेत आणि स्थानिक होड्या तो चोरून उतरवून घेत. ज्या सर जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीमुळें मुंबईचें प्रसिद्ध रुग्णालय १८४५ सालीं उघडलें, त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग याच चीनच्या व्यापारांतला होता. कापूस आणि अफू हे त्यांतले मुख्य जिन्नस.

अफूचें मोल चीनला चांदीनें द्यावें लागे. तेथील शेतकऱ्याची मिळकत तांब्याच्या नाण्यांत, आणि सरकारचा सारा मात्र चांदीच्या हिशेबानें. चांदी महाग होऊं लागली तसा, ज्यानें जन्मांत अफूची नळी हातीं धरली नव्हती त्याच्याही साऱ्याचा बोजा वाढला. या महागाईचें खापर दरबारानें अफूवर फोडलें.

१८३६ च्या जून महिन्यांत शू नाय-ची या अधिकाऱ्यानें ताओ-क्वांग बादशहास एक अर्ज सादर केला. तो पूर्वीं कँटनकडे अंमलदार होता आणि बंदीचा कारभार त्यानें जवळून पाहिला होता. त्याचें म्हणणें असें, कीं कायदा जसजसा कडक झाला तसतसे ओढणारे वाढले आणि लांच खाणारेही वाढले. कायद्याचा धाक गुन्हेगाराला न राहतां तो शिपायाच्या हातांतलें हत्यार झाला. सबब, पूर्वीं औषध म्हणून येई त्याप्रमाणें अफू जकात घेऊन येऊं द्यावी. मात्र तिच्या बदल्यांत चांदी न देतां माल द्यावा. देशांत खसखशीची लागवड करूं द्यावी, म्हणजे परकी माल आपोआप मागें हटेल. अंमलदार, विद्वान व सैनिक यांना तेवढी मनाई असावी. कँटनच्या अधिकाऱ्यांनींही प्रथम या सूचनेस अनुकूल अभिप्राय दिला.

त्याच वर्षीं शरद ऋतूंत चू त्सुन याचें उत्तर आलें. त्याच्या मतें कायदे हे नदीच्या बांधासारखे आहेत. बांध जुना झाला, त्याला भगदाडें पडलीं, म्हणून तो पाडून टाकणें हें शहाणपण नव्हे. अंमलदार लांच खात असतील तर दोष अंमलदारांचा आहे. लागवड मोकळी केली तर भाताच्या शेतांत खसखस उभी राहील. सैनिक हे प्रजेंतूनच येतात. प्रजा ओढूं लागल्यावर सैन्य कोरडें कसें राहणार?

दोघांच्या म्हणण्यांत तथ्य होतें, आणि दोघांत एक उणीवही होती. व्यसनी माणूस हा त्यांच्यासमोर माणूस म्हणून फारसा नव्हताच. शू नाय-चीनें तर सरळ लिहिलें होतें, कीं ओढणारे बहुतेक निरुद्योगी लोक आहेत, आणि देशाची लोकसंख्या वाढतेच आहे. दोन वर्षांनीं ह्वांग च्यूए-त्झू यानें उलट टोंक गांठलें : एक वर्षाची मुदत द्यावी, त्यानंतर ओढणाऱ्यास देहान्त शासन करावें. बहुतेक सुभेदारांना हें पटलें नाहीं. लिन त्से-शू यानें त्यास पाठिंबा दिला. परंतु आपल्या सुभ्यांत त्यानें व्यसन सोडविण्याचीं औषधेंही वाटलीं, हें त्याच्या बाबतींत नमूद केलें पाहिजे.

अखेर बंदीचा पक्ष जिंकला. १८३८ मध्यें शू नाय-चीचा हुद्दा उतरविण्यांत आला आणि लिनची कँटनवर नेमणूक झाली. १८३९ च्या जूनमध्यें त्यानें परकी व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या २० हजारांवर पेट्या मीठ व चुना घालून नष्ट करविल्या. त्यांत मुंबईकरांचा मालही होता. पुढें युद्ध झालें. १८४२ च्या तहांत चीननें हाँगकाँग गमावलें आणि २ कोटी १० लाख डॉलर देण्याचें कबूल केलें. त्यांपैकीं ६० लाख त्या अफूपोटीं होते. तरी अफूला परवानगी मिळाली नव्हती. ती मिळाली १८५८ मध्यें, दुसऱ्या युद्धाच्या काळांत, दर शंभर कॅटींस, म्हणजे सुमारें एका पेटीस, ३० टेल जकात ठरवून. वादांत जें टिकलें नव्हतें तें तोफांच्या छायेंत मान्य झालें.

यानंतर दोघांचींही भाकितें खरीं ठरलीं, ही इतिहासाची थट्टाच म्हणावी लागेल. देशी अफू इतकी पिकूं लागली, कीं १८८० नंतर परकी आयात घटत गेली. हें शू नाय-चीनें सांगितलेंच होतें. परंतु सेचुआन व युनान प्रांतांत शेतेंच्या शेतें खसखशीखालीं गेलीं आणि व्यसन खेड्यापाड्यांत पोहोंचलें. हें चू त्सुननें सांगितलें होतें. आणि परवाना आल्यावरही लोभ गेला नाहीं. बंदीच्या काळांत लांच शिपायाच्या खिशांत जाई, परवान्याच्या काळांत कर प्रांताच्या तिजोरींत जाऊं लागला. इकडे हिंदुस्थान सरकारच्या जमाखर्चांतही जमीनमहसूल व मीठ यांच्याबरोबर अफू हें एक मोठें उत्पन्न होऊन बसलें होतें. ज्यानें आवर घालावयाचा त्याचेंच पोट त्या पदार्थावर चालत होतें.

हा गुंता कांहीं काळ सुटला तो १९०६ नंतर. चीनच्या दरबारानें दहा वर्षांत अफू नाहींशी करण्याचा हुकूम काढला. १९०७ मध्यें ब्रिटिश सरकारशीं करार होऊन हिंदुस्थानची निर्यात दरसाल एक-दशांशानें कमी करण्याचें ठरलें, आणि १९१३ मध्यें ती थांबली. देशांतील लागवडही बरीच घटली. म्हणजे बंदीला यश आलें तें दोन्ही तिजोऱ्यांनीं आपलें उत्पन्न सोडण्याची तयारी दाखविली तेव्हां. परंतु लवकरच निरनिराळे सेनापति प्रांत बळकावून बसले. त्यांना फौजेसाठीं पैसा हवा होता, आणि त्यासाठीं खसखस पुन्हां शेतांत आली. ती उखडून काढण्याची व्यापक मोहीम निघाली ती १९५० नंतर, नव्या राजवटींत, आणि तीही मोठ्या सक्तीनें.

बंदी चांगली कीं परवाना चांगला, याचा एकच निकाल या शतकभराच्या कहाणींतून निघत नाहीं. मात्र कायदा कोणताही असो, तो राबविणाराची मिळकत कशावर अवलंबून आहे, आणि व्यसनांत सांपडलेल्या माणसाची वास्तपुस्त त्या कायद्यांत कोठें आहे कीं नाहीं, हे दोन प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत. पेकिंगच्या त्या विद्वान दरबारांत चांदीचा हिशेब अनेकांनीं केला. हा दुसरा हिशेब मात्र फार थोड्यांनीं केला.