वळणात बटण सोडायचं नाही

माझ्या आतेभावाकडे एक जुना पेंटियम होता आणि त्यावर एकच गेम धड चालायचा. 'नीड फॉर स्पीड : पोर्शे अनलीश्ड'. २००० साली आलेला हा गेम आमच्यापर्यंत बऱ्याच वर्षांनी पोचला, तोही कुणाच्या तरी सीडीवरून. त्यात पोर्शेच्या झाडून सगळ्या गाड्या होत्या आणि मला हवी असायची ती '९११ टर्बो'. मागे मोठ्ठा पंख, फुगलेले मडगार्ड. प्रत्येक वेळी तेच व्हायचं. वेग जास्त झालाय असं वाटून वळणात बटण सोडलं की गाडी गर्रकन फिरून उलटं तोंड करून उभी. दादा मागून ओरडायचा, "अरे बटण सोडू नको ना वळणात!"

तेव्हा वाटायचं गेममध्ये बग आहे. नंतर इंजिनीअरिंगला गेल्यावर कळलं की बग गाडीतच होता. आणि पोर्शेने तो साठ वर्षं मुद्दाम जपून ठेवलाय!

म्हणजे बघा, ९११ चं इंजिन मागे असतं. नुसतं मागच्या बाजूला नाही, तर मागच्या चाकांच्याही पलीकडे लटकलेलं. ही खोड आजोबांकडून आलेली. डॉ. फर्डिनांड पोर्शे यांची बीटल तशीच होती, १९४८ पासूनची पोर्शे ३५६ तशीच, आणि १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात जी नवी गाडी मांडली तीही तशीच. (तिचं नाव खरं '९०१' होतं. मध्ये शून्य असलेले तीन आकडे आमचे, असं प्यूजोने कळवलं, म्हणून ९११ झालं. झाली बिचारी.) नकाशा आजोबांच्याच नावाच्या नातवाने काढलेला. त्याला सगळे 'बुत्झी' म्हणायचे.

मागे इंजिन असण्यात तसं वावगं काही नाही. आपल्या रिक्षाचं असतं, नॅनोचं होतं. वजन मागच्या चाकांवर असल्याने गाडी सुटताना पकड झकास मिळते. गोची होते ती वळणात. सायकलच्या कॅरिअरवर गव्हाचं पोतं टाकून जे गिरणीत गेलेत त्यांना हे लगेच कळेल. एका लयीत वळलात तर पोतं निमूट मागे येतं. पण मध्येच दचकून ब्रेक दाबलात तर पोत्याला तुमच्या पुढे जायचं असतं! अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागच्या टायरवरचा दाब कमी होतो, पकड सुटते आणि मागचं जड इंजिन लंबकासारखं झोका घेतं. म्हणजे भीती वाटल्यावर माणूस आपसूक जे करतो, नेमकं तेच इथे करायचं नाही.

पोर्शेच्या इंजिनीअरांना हे ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही. सुरुवातीच्या काही गाड्यांत त्यांनी पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना चक्क लोखंडाची वजनं बसवली, प्रत्येकी ११ किलोची. आमच्या भाषेत याला हॉटफिक्स म्हणतात आणि रिव्ह्यूमध्ये यावर शिव्या बसतात. मग १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, एका बॅटरीच्या दोन करून पुढे दोन बाजूंना ठेवल्या. गाडी सुधारली, पण स्वभाव तोच राहिला.

आणि अशा या गाडीला १९७४ साली त्यांनी टर्बो लावला.

टर्बो ही कल्पना तशी साधी. इंजिनातून बाहेर पडणारे गरम वायू फुकट जातात, त्यांच्यावर एक चक्र फिरवायचं आणि त्या चक्राने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. पोर्शे हे शिकली रेसिंगमध्ये. अमेरिकेतली कॅन-अ‍ॅम मालिका १९७२ आणि १९७३ अशी सलग दोन वर्षं त्यांच्या टर्बो लावलेल्या ९१७ ने जिंकली, आणि त्यातल्या ९१७/३० ची ताकद अकराशे हॉर्सपॉवरच्या घरात होती. आता हेच तंत्र रस्त्यावरच्या गाडीत आणायचं. कारण पुन्हा रेसिंगच, कारण नियमाप्रमाणे ठरावीक संख्येने गाड्या बनवल्याशिवाय रेसची गाडी मान्य होत नसे. त्या सक्तीच्या ४०० गाड्या तरी विकल्या जातील का, अशी शंका होती. वेळ तर बघा, १९७३ चं तेलसंकट नुकतंच येऊन गेलेलं, जर्मनीत रविवारी गाड्या बंद ठेवल्या होत्या, आणि हे पॅरिसच्या प्रदर्शनात ३ लिटर, २६० हॉर्सपॉवर, ताशी २५० किलोमीटरचं धूड घेऊन उभे!

शंका फोल ठरली, चारशेचा आकडा कुठच्या कुठे मागे पडला.

ही गाडी, कारखान्यातलं तिचं नाव ९३०, चालवायला कशी होती? टर्बोचं प्रेशर सोसावं म्हणून इंजिनाचं कॉम्प्रेशन ६.५ ला १ इतकं खाली आणलेलं. त्यामुळे साडेतीन हजार आरपीएमपर्यंत गाडी एकदम सोज्वळ, काकूंनी भाजी आणायला न्यावी अशी. तुम्ही पाय दाबता, काहीच होत नाही. अजून दाबता. ते चक्र वेग घेत असतं. आणि मग सगळी ताकद एकाच वेळी मागच्या दोन चाकांवर येऊन आदळते. आता कल्पना करा, वळण सुरू होताना दाबलेला पाय वळणाच्या मध्यावर 'पोचतो'. तुम्ही घाबरून पाय काढता. मग ते गव्हाचं पोतं!

त्या काळी ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एबीएस नाही आणि गिअर फक्त चार. तिला 'विडोमेकर' असं नाव पडलं, म्हणजे बायकांना विधवा करणारी. हे नाव लोक अजून कौतुकाने घेतात. मला त्यात गंमत वाटत नाही. पैसा हातात आलेला पण हात तयार नसलेला माणूस आणि ही गाडी यांची गाठ कशी पडत असेल हे सांगायला नको. पण दुसरी बाजूही आहे. तयार झालेल्या सुरुवातीच्या टर्बोंपैकी एक फर्डिनांड पोर्शेंच्या मुलीला, लुईझ पिएखना, सत्तराव्या वाढदिवसाला दिलेली होती. सत्तरीची बाई ती चालवत होती! म्हणजे गाडी अवघड होती, पण शिकता येत होती. माझ्या मते तिची ओढ वाटते ती इथेच. गाडी तुमच्या चुका झाकत नाही, पण तुम्ही बरोबर असलात तर तेही लगेच कळतं.

१९७८ ला ३.३ लिटर, इंटरकूलर, ३०० हॉर्सपॉवर आणि ९१७ च्या धर्तीवरचे ब्रेक आले. १९७९ ला तर तिचंच रेसिंग भावंड, क्रेमर बंधूंनी बांधलेली ९३५, ल मान्सच्या २४ तासांत पहिली आली. दुसरी आलेली गाडीही ९३५ च, आणि ती चालवणाऱ्या तिघांत एक होता हॉलीवूडचा पॉल न्यूमन. आता एवढं सगळं झाल्यावर कंपनीने काय करावं?

कंपनीने ९११ बंद करायचं ठरवलं होतं.

आणि ठरवणारे होते अर्न्स्ट फुरमान, ज्यांच्याच कारकिर्दीत टर्बो आली. माणूस अस्सल इंजिनीअर. त्यांचा हिशोबही चुकीचा नव्हता. अमेरिकेत सुरक्षा, धूर आणि आवाज यांचे नियम कडक होत होते. मागे टांगलेलं, हवेने गार होणारं इंजिन किती वर्षं ओढायचं? म्हणून कोऱ्या कागदावर ९२८ काढली. इंजिन पुढे, व्ही-८, पाण्याने गार होणारं, वजन दोन्हीकडे सारखं. १९७८ ची 'युरोपियन कार ऑफ द इयर' ठरली, स्पोर्ट्‌सकारला हा मान सहसा मिळत नाही. कागदावर ९२८ सरस होतीच. फक्त लोक ९११ मागत राहिले.

ज्यांनी कधी जुनी सिस्टिम फेकून नवी लिहिण्याच्या प्रोजेक्टवर काम केलंय त्यांना इथे हसू येईल. मी दीड वर्षं अशा एका प्रोजेक्टवर होतो. नवीन सिस्टिम खरंच सुंदर होती. युजर जुनीचीच खिडकी उघडी ठेवून बसायचे.

१९८१ च्या जानेवारीत पीटर शुट्झ प्रमुख म्हणून आले. बर्लिनमध्ये जन्म, पण लहानपणीच अमेरिकेत गेलेले, आधी ट्रॅक्टर आणि ट्रकच्या इंजिनांत मुरलेले. पुढचा प्रसंग ते स्वतःच सांगायचे. तांत्रिक प्रमुख हेल्मुट बोट यांच्या खोलीत एक तक्ता होता. ९२८ ची रेघ पुढे जात होती, ९४४ ची जात होती, ९११ ची मात्र १९८१ च्या शेवटी थांबली होती. शुट्झनी मार्कर उचलला आणि ९११ ची रेघ तक्त्याच्या कडेपर्यंत नेली, तिथून भिंतीवर आणि तशीच दारापर्यंत! पुढे गंमत अशी की ९२८ च १९९५ ला बंद झाली.

नंतरचं थोडक्यात. १९९७ ला हवेवरचं इंजिन जाऊन पाण्यावरचं आलं. तेव्हा चाहत्यांनी केवढा आकांत केला, त्या हेडलाइटला फुटलेलं अंडं म्हणून हिणवलं. ११ मे २०१७ रोजी दहा लाखावी ९११ बाहेर पडली. २०२४ ला हायब्रिड आली आणि त्यात टर्बोचं चक्र विजेच्या मोटरने फिरवतात, म्हणजे ती वाट बघणं पन्नास वर्षांनी संपलं. इंजिन अजून मागेच आहे.

मागे ऑनसाइट स्टुटगार्टला होतो (१९६८ पासून हे मुंबईचं भगिनी-शहर आहे, पण पाऊस सोडला तर साम्य शोधावं लागतं). एका रविवारी झुफेनहाउझेनच्या म्युझियममध्ये गेलो. एक जुनी टर्बो होती. फोटोत वाटते त्यापेक्षा कितीतरी लहान, आपल्या स्विफ्टपेक्षा फार मोठी नाही. काचेतून आत डोकावलो. किल्ली स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, तीन पेडल, बस्स. शेजारी एक आजोबा नातवाला जर्मनमध्ये काहीतरी समजावत होते आणि हाताने गाडीचं ढुंगण कसं फिरतं ते दाखवत होते. भाषा येत नव्हती पण सगळं कळलं.

फोटो काढून दादाला पाठवला. दादा आता दोन मुलांचा बाप, ऑटोमॅटिक गाडी चालवतो. पाच मिनिटांत उत्तर आलं.

"सोडलंस ना बटण?"