आधी चालवून दाखवा

काष्टीच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी हेड्याचं बोलणं ऐकतो, पण मानत नाही. आधी बैलाचा ओठ वर करून दात बघायचे : दोनदाती, चारदाती की जुळलेला. मग खूर, मग वशिंड, मग मागे उभं राहून चाल. शंका असेल तर जुवाला जुंपून चार पावलं चालवायचा. एवढं झाल्यावर रुमालाखाली हात जातात आणि बोटं दाबून भाव ठरतो. श्रीगोंदा तालुक्यातलं काष्टी, नेवासे तालुक्यातलं घोडेगाव हे नगर जिल्ह्यातले जनावरांचे नावाजलेले बाजार. पारखल्याशिवाय पैसा सोडायचा नाही, हे इथल्या गिऱ्हाइकाला कुणी शिकवावं लागलं नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गिऱ्हाइकासमोर लोखंडी नांगर, कडबा कापायची यंत्रं, नव्या धर्तीचे हातमाग येऊ लागले, तेव्हा विकणाऱ्यांची पंचाईत झाली. बैलाचे दात बघता येतात, यंत्राचं काय बघायचं? उत्तर एकच होतं, चालवून दाखवायचं. मात्र चालवून दाखवणं आणि विकलं जाणं यांच्यामध्ये बरंच अंतर होतं, आणि ते कापताना भल्याभल्यांची दमछाक झाली.

तोवर नांगर ही दुकानातून विकत आणायची वस्तूच नव्हती. शेतकऱ्याने बाभळीचं लाकूड द्यायचं, गावच्या सुताराने नांगर, कुळव, पाभर करून द्यायची, मोडलं की दुरुस्त करायचं आणि सुगीला खळ्यावरून बलुतं न्यायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’त (१९१५) या व्यवहाराचं बारकाईने केलेलं वर्णन आहे. आत्र्यांनी बलुतेदारांची भलामण केलेली नाही, उलट त्यांच्या दिरंगाईवर कोरडे ओढले आहेत. मृगाच्या तोंडावर सुताराच्या दारात ताटकळणारा कुणबी हे काही सुखाचं चित्र नव्हे. पण एक सोय होती. ज्याने वस्तू केली तो माणूस त्याच गावात राहत होता. जूनमध्ये नांगराचा दांडा मोडला तर कुठे जायचं, हा प्रश्नच नव्हता.

लोखंडी नांगर आला तो विलायतेहून. इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीचे नांगर दख्खनमध्ये येत होते. काळ्या रानात जड लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. लोखंडी नांगर कमी बैलांत चाले आणि मातीचं ढेकूळ उलटं करून हराळीच्या मुळ्या उन्हात टाकी. दाखवायला याहून चांगलं काय हवं? तरीही शेतकरी बिचकला. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्याचा पुरेपूर अनुभव आला.

लक्ष्मणरावांच्या घराण्याचा विक्रीतला श्रीगणेशा मुळात सायकलींनी झाला होता. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत आणि तिथून सायकली घेऊन बेळगावला पाठवत. तिथे त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. १८८८ साली सुरू झालेल्या या ‘किर्लोस्कर ब्रदर्स’च्या दुकानात एक वेगळी गोष्ट होती : रामूअण्णा फी घेऊन सायकल चालवायलाही शिकवत. हा जोडधंदा वाटतो, पण विक्रीची खरी मेख त्यातच होती. ज्याला चालवता येत नाही तो सायकल घेईल कशाला? आणि आठ दिवस तुमचा हात खांद्यावर घेऊन जो शिकला, तो पंक्चर काढायला दुसऱ्याकडे जाईल कशाला?

पुढे त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असा शेतकऱ्यांचा समज होता म्हणून, असं कारण सर्रास सांगितलं जातं. उद्योगाच्या गौरवग्रंथांत हा किस्सा फार लाडका आहे, कारण त्यात शेतकरी अडाणी ठरतो आणि कारखानदार द्रष्टा. समज असेलही. पण त्याच शेतकऱ्याच्या लाकडी नांगराला फाळ लोखंडाचाच होता, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत जात होता! विषाची भीती हे नकार देण्याचं सभ्य निमित्तही असू शकतं. दारात आलेल्या शिकलेल्या माणसाला ‘तुमचा भरवसा वाटत नाही’ असं तोंडावर कोण म्हणणार? शेतकऱ्याच्या मनातले प्रश्न साधे असणार : फाळ झिजला तर नवा कुठे मिळेल, नट पडला तर गावचा लोहार तो बनवू शकेल का, आणि बैल बसले तर पैसे कोण परत देईल?

लक्ष्मणरावांनी अखेर याच प्रश्नांना हात घातला. फाळाच्या लोखंडावर त्यांनी मेहनत घेतली, नांगर विलायती मालाच्या तोडीचा केला. १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना गेला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात विलायती माल येईनासा झाला तेव्हा देशी नांगराला मागणी आली, पण लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले, हे वाक्य पुढे भाषणांत इतकं घासलं गेलं की त्यामागची निकड कुणाला आठवत नाही : गिऱ्हाईक तयार झालं होतं आणि त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं परवडणारं नव्हतं. जानेवारी १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. मराठीतल्या एका मोठ्या मासिकाचा जन्म असा नांगराच्या गिऱ्हाइकाशी बोलणं चालू ठेवण्याच्या गरजेतून झाला.

नगर शहरात याच सुमारास हेच नाटक मागावर रंगत होतं.

नगर आणि भिंगार ही लुगड्यांची गावं. साळी, कोष्टी आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली यांच्या घराघरांत खड्डामाग. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायांनी पावड्या दाबतो आणि धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलतो. लुगड्याचा पन्हा मोठा, त्यामुळे दोन्ही हात त्यातच गुंततात. दर फेकीनंतर फणी ओढून धागा ठोकायला हात पुन्हा मधे आणावा लागतो. इंग्लंडात जॉन के याने १७३३ सालीच धावता धोटा काढला होता. हत्याच्या दोन टोकांना दोन पेट्या, मधे एक दोरी. दोरीला झटका दिला की धोटा या पेटीतून त्या पेटीत आपोआप पळतो. एक हात मोकळा राहतो आणि काम जवळजवळ दुपटीने उरकतं.

१८९९-१९०० च्या दुष्काळानंतर नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या पदरी मोठ्या संख्येने अनाथ मुलं आली. त्यांच्या पोटापाण्याची सोय लावायची होती. मिशनने नगरला १८३१ पासून ठाण मांडलेलं होतं आणि सर डी. एम. पेटिट यांच्या नावाच्या औद्योगिक शाळेत मुलांना सुतारकाम वगैरे शिकवलं जात होतं. तिथे डेव्हिड कॅरॉल चर्चिल नावाचा इंजिनियर आला. तो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेला होता. त्याने हातमागाचा अभ्यास करून धावत्या धोट्याचा आपला एक वेगवान माग तयार केला. प्रदर्शनांत, स्पर्धांत असे सुधारलेले माग तेव्हा देशभर मांडले जात. मद्रास इलाख्यात आल्फ्रेड चॅटर्टन, इकडे मुक्तिफौज, तिकडे यॉर्कशायरचा हॅटर्स्ली कंपनीचा पायाने चालणारा माग, अशी चुरसच लागली होती. घड्याळ लावून कुणाचा माग तासात किती वार विणतो ते मोजायचं आणि पदक द्यायचं.

विणकर हे सगळं बघून घरी गेले आणि यांतला एकही माग त्यांनी फारसा घेतला नाही.

कारण स्पर्धेत सूत चांगलं असतं. घरी सावकाराकडून आणलेलं सूत जसं असेल तसं विणावं लागतं, आणि झटक्याच्या वेगात कच्चा धागा तटातट तुटतो. शिवाय नवा माग घ्यायचा म्हणजे एकरकमी पैसा. तो सावकाराकडेच मागायचा आणि लुगडंही त्यालाच विकायचं. दाखवणारे साहेब वेग दाखवत होते, तर बघणाऱ्यांच्या डोक्यात कर्जाचा हिशेब चालला होता. दोघांचीही चूक नव्हती, पण गाठ पडत नव्हती.

मग जे झालं ते कुठल्याच पेटंटवाल्याच्या मनात नसेल. विणकरांनी अख्खा माग सोडून दिला आणि त्यातला फक्त धोट्याचा हत्या उचलला. पेट्या लावलेला हत्या हे लाकूडकाम होतं, गावचा सुतार ते करू शकत होता. जुन्याच खड्डामागावर वरून हत्या टांगला, दोरी बांधली, झालं. मुंबई सरकारने फिरत्या विणकाम शाळा काढल्या, त्यांचे शिक्षक एका गावात काही महिने मुक्काम करत, विणकराला त्याच्या हाताने दोरी ओढायला लावत. पदकांनी जे झालं नाही ते या मुक्कामांनी पुष्कळसं केलं. ‘शिक्षक’ हा शब्द सरकारी कागदावरचा. प्रत्यक्षात तो विक्रेताच होता, फक्त त्याच्याकडे विकायला काही नव्हतं आणि त्याला घरी जायची घाई नव्हती.

शिवणयंत्राच्या सिंगर कंपनीने हीच युक्ती जगभर व्यापारी अंगाने वापरली. यंत्र हप्त्याने द्यायचं आणि शिवण शिकवायची. हप्ता गोळा करायला येणारा माणूस सुई-तेलाचीही चौकशी करून जाई.

जिल्ह्याच्या उत्तरेला पाणी आल्यावर चित्र पालटलं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला आणि बाभळीच्या लाकडाच्या चरकाची जागा लोखंडी चरकाने घेतली. १९५० अखेर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि लोखंडी चरकही मागे पडले. विहिरीवर मोटेच्या जागी ऑइल इंजिन आलं. इंजिनाची दुकानदारी म्हणजे प्रात्यक्षिकाचा कळसच! दुकानातला मिस्त्री हँडल मारतो, दोन फेऱ्यांत इंजिन धडधडायला लागतं. तेच इंजिन मळ्यात नेल्यावर थंडीतल्या पहाटे चौघांना घाम फोडतं. म्हणून शहाणा बागाईतदार इंजिनापेक्षा मिस्त्री बघायचा. तो बोलावल्यावर येतो का, आणि सायकलीवरून येतो तेव्हा वॉशर, नोझल बरोबर आणतो का?

आज अहिल्यानगर हे नाव झालेल्या शहरात सुतारांची तिसरी-चौथी पिढी रंध्याचं आणि कटाईचं काम विजेच्या हत्यारांवर करते. हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवरचा पोरगा नवं कटर चालवून दाखवतो, ते बहुधा पॅकिंगच्या खोक्याच्या पाइनवर. लोण्यासारखं कापलं जाणारच. जाणता सुतार येताना पिशवीत गाठीचा बाभळीचा किंवा जुन्या सागाच्या चौकटीचा तुकडा घेऊन येतो आणि ‘यावर चालव’ म्हणतो. इथे दुकानदाराची खरी परीक्षा होते. काही जण हसून तुकडा शिकंज्यात अडकवतात, काही जण पात्याची धार जाईल म्हणून टाळाटाळ करतात, आणि काही ‘घ्यायचं असेल तर सांगा’ म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालतात.

कटर चाललं तरी प्रश्न संपत नाहीत. कार्बन ब्रश ठेवता का? आर्मेचर जळलं तर पुण्याला पाठवायचं का इथेच भरून मिळेल? वॉरंटीचं कार्ड आहे, पण दुरुस्ती होऊन हत्यार हातात यायला किती दिवस? दहा दिवस हत्याराविना बसणं म्हणजे दहा दिवसांचा रोज बुडाला. मोटारी भरणारा एखादा वाइंडर बाजारात त्या मॉडेलचं नाव ऐकून ‘माल चांगला आहे, तार जळली तर मी भरून देतो’ म्हणाला, की सुतार परत त्याच दुकानात जाऊन पैसे मोजतो. वाइंडरला यात दमडीचं कमिशन नसतं. दुकानातल्या पोराला मात्र वाटतं, सौदा त्याच्या डेमोने झाला.