रिओ पिएड्रासची वस्ती आणि आमची वस्ती

माझ्या वहिनींना क्षय झाला त्या वर्षी त्या रोज दोन प्रकारच्या गोळ्या घेत होत्या. एक क्षयाची, दुसरी पाळणा लांबवण्याची. दोन्ही सरकारी, दोन्ही फुकट, आणि दोन्ही न चुकता. तरीही त्यांना दिवस गेले. बाई गोळ्या चुकवत असणार, अडाण्याला सांगून काय उपयोग, असे बोलले गेले. मी तेव्हा नुकताच महाविद्यालयात शिकवू लागलो होतो. घराण्यातला पहिला पदवीधर. मीही मनातल्या मनात वहिनींनाच दोष दिला, हे येथे नोंदवले पाहिजे. क्षयाच्या औषधातील रिफॅम्पिसिन यकृताला असे चेतवते की गर्भनिरोधक गोळीतील संप्रेरके शरीरात पुरेशी टिकत नाहीत, हे मला पुढे वाचनातून कळले. हे ज्ञान कित्येक दशके जुने आहे. दोन्ही औषधे देणाऱ्यांपैकी कोणीही ते वहिनींपर्यंत आणले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, ‘आवो भावजी, मला कुनी इचारलंच न्हाई.’

न विचारण्याची ही रीत किती जुनी आहे हे शोधताना मी पोर्तो रिकोला जाऊन पोहोचलो.

दोन संप्रेरकांची ही मिश्र गोळी अमेरिकेत ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी सिद्ध केली. पैसा कॅथरीन मॅककॉर्मिक या धनिक बाईंचा, पाठपुरावा मार्गारेट सँगर यांचा. परंतु ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये हे शास्त्रज्ञ काम करीत होते तेथे संततिनियमन कायद्याने गुन्हा होता. अमेरिकेच्या ताब्यातील पोर्तो रिको बेटावर ते 1937 पासून कायदेशीर होते, आणि तेथे गरीब, दाटीने राहणाऱ्या, मुलांच्या ओझ्याने वाकलेल्या बायका भरपूर होत्या. 1956 साली रिओ पिएड्रास येथे, झोपडपट्टी हटवून बांधलेल्या सरकारी चाळींत, मोठा प्रयोग सुरू झाला. ही गोळी घेतली की मूल होत नाही, एवढे बायकांना सांगितले गेले. हा प्रयोग आहे आणि तो आपल्या देहावर चालला आहे, हे सांगितले गेले नाही. बायकांनी गोळी हौसेने घेतली, कारण त्यांना तिची खरोखर गरज होती. शोषण नेहमी अशा खऱ्या गरजेच्या दारानेच आत येते.

प्रयोगाची देखरेख डॉ. एड्रिस राइस-रे यांच्याकडे होती. त्यांनी प्रामाणिकपणे कळवले की गोळी गर्भ पूर्णपणे रोखते; पण शंभरांतल्या सतरा बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, ओकारी होते, आणि इतका त्रास सर्वसाधारण वापराला परवडणारा नाही. पिंकस यांनी या तक्रारी मनाचे खेळ ठरवल्या. प्रयोगाच्या काळात तीन स्त्रिया मेल्या. गोळीमुळे की आणखी कशामुळे, याची चौकशीच झाली नाही. गरिबाच्या दुखण्याला मनाचा खेळ म्हणणारे आपल्याकडेही कमी नाहीत, पण ते असो.

एनोव्हिड नावाने हीच गोळी 1960 साली गर्भनिरोधक म्हणून अमेरिकेत मान्य झाली. 1961 मध्ये ब्रिटनमधील एका डॉक्टराने ती घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याचे प्रसिद्ध केले, आणि मग पुरावे साचत गेले. 1969 च्या अखेरीस ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने इस्ट्रोजेनचे प्रमाण 50 मायक्रोग्रॅमच्या वर नको असे सांगितले. एनोव्हिडमध्ये ते 150 होते! जानेवारी 1970 मध्ये अमेरिकन सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी सुनावणी भरवली. तीत गोळी घेणाऱ्या एकाही बाईला साक्षीस बोलावले नव्हते. प्रेक्षकांत बसलेल्या ॲलिस वुल्फसन आणि त्यांच्या सोबतिणी उठून प्रश्न विचारू लागल्या. त्यानंतर अमेरिकेत गोळीच्या पाकिटात धोके सांगणारी माहिती घालणे बंधनकारक झाले. हा कागद कोणी दान दिलेला नाही, तो भांडून घेतलेला आहे. ती पहिली किंमत मोजणाऱ्या रिओ पिएड्रासच्या बायांची नावे मात्र इतिहासाने ठेवली नाहीत.

आमच्या चळवळीतले काही मित्र यावरून म्हणतात की गोळी हाच गरिबांविरुद्धचा कट आहे. 1975 ते 77 च्या आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीची आठवण असणाऱ्या वस्तीत हे पटकन पटते. मला ते मान्य नाही. र. धों. कर्वे यांच्यावर 1934 मध्ये खटला झाला तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयीचा ठराव मांडला, त्यामागे बाबासाहेबच होते. प्रसूतीच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला तो तयार झाला नसता, असा त्या भाषणाचा रोख होता. ठराव फेटाळला गेला. त्यात लोकसंख्येची चिंता होती, तशी बाईच्या देहाचीही होती. आपल्या सरकारी कार्यक्रमाने पहिली तेवढी उचलली.

आजच्या माला-एनमध्ये इस्ट्रोजेन 30 मायक्रोग्रॅम आहे आणि बहुतेक निरोगी बायकांना ती मानवते. गुठळीचा धोका तिने वाढतो, पण गरोदरपणात व बाळंतपणानंतर तो त्याहूनही जास्त असतो. अट एकच, आधी विचारले पाहिजे. रक्तदाब मोजला का? पस्तिशी ओलांडून बाई विडी-सिगारेट ओढते का? पूर्वी पायात गुठळी, पक्षाघात, हृदयाचे दुखणे, स्तनाचा कर्करोग, काविळीसारखा यकृताचा आजार? अर्धशिशी उठण्याआधी डोळ्यांपुढे चमक, नागमोडी रेषा दिसतात का? अंगावर सहा महिन्यांच्या आतले मूल आहे का? क्षयाच्या किंवा फेफऱ्याच्या गोळ्या चालू आहेत का? एवढे विचारायला दहा मिनिटे पुरतात.

गेल्या महिन्यात वहिनींनी पुन्हा गोळी सुरू करावी का म्हणून विचारले. मी त्यांना आधी रक्तदाब मोजून घ्यायला पाठवले, मग चुलीजवळ बसून पाकीट उघडले. एकवीस संप्रेरकाच्या, सात लोहाच्या. एक चुकली तर आठवताच घ्यायची. दोन किंवा अधिक चुकल्या तर एक लगेच घेऊन पुढच्या रोज चालू ठेवायच्या, आणि सात दिवस दादाने निरोध वापरायचा; ही चूक तिसऱ्या आठवड्यात झाली असेल तर लोहाच्या गोळ्या सोडून नवे पाकीट सुरू करायचे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत कळ येऊन दम लागला, डोके एकाएकी असह्य दुखले, दिसेनासे झाले, पोटात जोराची कळ आली किंवा डोळे पिवळे झाले, तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना. रिफॅम्पिसिनचा अंमल औषध थांबल्यावरही चार आठवडे राहतो, हेही सांगितले. वहिनींनी क्षयाचे औषध संपून किती दिवस झाले ते आठवले. तीन वर्षे उलटली होती. मग शेजारच्या दोघींना हाक मारून त्या म्हणाल्या, ‘भावजी, आता यांनाबी सांगा. हिला तर फेफऱ्याच्या गोळ्या चालू हायेत.’