फायरवॉलमधील ‘ॲड्रेस ग्रुप’ म्हणजे काय? तो कमांडने कसा करतात?

पुणे जिल्ह्यात रांजणगाव (ता. शिरूर) आणि कुरकुंभ (ता. दौंड) इथे एमआयडीसीच्या औद्योगिक वसाहती आहेत. समजा, एका कंपनीचे दोन्हीकडे कारखाने आहेत आणि पगार-हिशेबाचा सर्व्हर रांजणगावला आहे. तिथपर्यंत फक्त दोन्ही लेखा विभागांना पोहोचता यावे, बाकी कोणाला नाही, ही राखण फायरवॉल करते.

गट कशासाठी?

नेटवर्कवरील प्रत्येक उपकरणाला आयपी ॲड्रेस असतो. एकेका पत्त्यासाठी वेगळा नियम लिहिला तर यादी लांबते आणि चुका होतात. म्हणून पत्त्यांना नावे देऊन त्यांचा गट करतात. नियमात फक्त गटाचे नाव येते. पुढे नवा विभाग आला तर तो गटात जोडायचा, नियम तसाच राहतो.

कमांड कशा देतात?

फोर्टिगेट फायरवॉलचे उदाहरण घेऊ. (कमांड रोमन लिपीतच टाइप करतात.)

१. ‘कॉन्फिग फायरवॉल ॲड्रेस’मध्ये जाऊन ‘एडिट’ने नाव द्यायचे आणि ‘सेट सबनेट’ने पत्ते. जसे, रांजणगाव-लेखा: १०.१०.१.०/२४, कुरकुंभ-लेखा: १०.२०.१.०/२४. शेवटच्या /२४ मुळे प्रत्येक नावात २५६ पत्ते येतात. त्यांतले २५४ उपकरणांना देता येतात.

२. ‘कॉन्फिग फायरवॉल ॲड्रग्रुप’मध्ये गटाला नाव द्यायचे आणि ‘सेट मेंबर’पुढे दोन्ही नावे लिहायची.

३. ‘एंड’ दिले की बदल जतन होतो. मध्येच चूक लक्षात आली तर ‘अबॉर्ट’.

चूक कुठे होते?

‘सेट मेंबर’ यादीत भर घालत नाही, जुनी यादी पुसून नवी लिहिते. कुरकुंभचे गोदाम जोडताना ‘सेट मेंबर’पुढे फक्त गोदामाचे नाव दिले, तर दोन्ही लेखा विभाग गटाबाहेर जातात आणि पगाराचे काम अडते. भर घालायला ‘अपेंड मेंबर’ वापरतात, एखादे नाव काढायला ‘अनसिलेक्ट मेंबर’. बदलाआधी आणि नंतर ‘शो’ देऊन यादी तपासावी.

परवानगीच्या गटात अशी चूक झाली तर निदान लगेच फोन येतात. पण गट धोकादायक पत्ते अडवण्यासाठी असेल, तर पुसलेल्या पत्त्यांना वाट मोकळी होऊ शकते, आणि तक्रार कोणीच करत नाही.