गार्सिया द ओर्ताच्या अस्थी

आमच्या कुडाळहून दोन-अडीच तासांवर असलेल्या जुन्या गोव्यात १५८० साली एका वैद्याच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळण्यात आल्या. वैद्याचे नाव गार्सिया द ओर्ता. हिंदुस्थानातील औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला होता. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने जाळले. आरोप असा, की हे ख्रिस्ती म्हणवणारे घराणे गुप्तपणे ज्यू धर्म पाळते.

याचे कारण ‘धर्मवेड’ या एका शब्दात सांगितले जाते. ते अपुरे आहे. पोर्तुगालच्या राजा मानुएलला स्पेनच्या राजकन्येशी लग्न करायचे होते आणि ज्यूंना हाकलणे ही स्पेनची अट होती. पण व्यापारी, वैद्य, कारागीर असलेली ही प्रजा गमावणे त्याला परवडणारे नव्हते. म्हणून १४९६ मध्ये हद्दपारीचा हुकूम निघाला आणि १४९७ मध्ये बहुतेकांना सक्तीने बाप्तिस्मा दिला गेला. कागदोपत्री ज्यू संपले, ‘नवे ख्रिस्ती’ जन्मले.

मग संशय सुरू झाला. मन तपासता येत नाही, म्हणून घर तपासायचे: शनिवारी काम बंद असते का, डुकराचे मांस टाळतात का? या तपासासाठी १५३६ मध्ये पोर्तुगालात आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसले. दोषी ठरलेल्याची मालमत्ता जप्त होई. संशय फायद्याचाही होता. पिढ्या उलटल्या तरी ‘रक्तशुद्धी’ची अट सुटली नाही.

याच किनाऱ्यावर उत्तरेला, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्रायली तेल गाळत होते. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ही काही समता नव्हती; जातीच्या उतरंडीत मिळालेली ती एक जागा होती. पण जो शनिवार गोव्यात पुरावा ठरला, तो इथे नुसते नाव ठरला. शेजाऱ्यांना फरक दिसत होता. त्याची चौकशी करणारी कचेरी मात्र नव्हती.

अशी कचेरी एकदा उभी राहिली की एका समाजावर थांबत नाही. गोव्यात पुढे तिने स्थानिक धर्मांतरितांची घरे तपासली, त्यांच्या जुन्या चालीरीतींना गुन्हा ठरवले.

नव्या-जुन्या ख्रिस्तींमधला भेद पोर्तुगालने १७७३ मध्ये कायद्याने रद्द केला. गोव्याचे इन्क्विझिशन १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. जो भेद राजाच्या हुकुमाने निर्माण झाला, तो मिटवायलाही हुकूमच लागला. मधल्या पावणेतीनशे वर्षांत तो लोकांना निसर्गनियम वाटू लागला होता.