मान्यताप्राप्त म्हणजे नेमकी कुणाची मान्यता?

बारावीचे निकाल लागले की शिक्षणसंस्थांच्या जाहिरातींना बहर येतो. ‘शासनमान्य’, ‘यूजीसी मान्यताप्राप्त’, ‘एआयसीटीई मंजूर’, ‘विद्यापीठाशी संलग्न’, ‘नॅक अ श्रेणी’ अशी बिरुदे एका ओळीत मांडलेली असतात आणि ही सारी एकाच गोष्टीची निरनिराळी नावे असावीत, अशी वाचणाऱ्याची समजूत होते. वस्तुस्थिती तशी नाही. यांतील प्रत्येक शब्दामागे वेगळा कायदा आणि वेगळी यंत्रणा आहे. संस्थेला पदवी देण्याचा अधिकार आहे काय, हा एक प्रश्न. तो विशिष्ट अभ्यासक्रम विद्यापीठाने मंजूर केला आहे काय, हा दुसरा. अमुक महाविद्यालयाला तो शिकवण्याची परवानगी आहे काय, हा तिसरा. आणि तिथे तो चांगला शिकवला जातो काय, हा चौथा. एकाचे उत्तर ‘होय’ आले म्हणून बाकीच्यांचेही तेच येते असे नाही.

ही गल्लत किती महागात पडते, हे ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालात दिसले. चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाच्या मार्गाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. नोकरी सांभाळून, बढतीच्या आशेने शिकणाऱ्या पदविकाधारकांनी त्या मिळवल्या होत्या. विद्यापीठे खोटी नव्हती, अभिमत दर्जाही खरा होता; पण अभियांत्रिकी दूरशिक्षणाने शिकवण्यासाठी लागणारी मान्यता रीतसर घेतलेली नव्हती. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने निलंबित ठेवल्या आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या देखरेखीखाली पुन्हा परीक्षा देण्याची अट घातली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. त्या पदवीच्या बळावर मिळालेली बढतीही गेली. आधी हाती पडलेले पैसे वसूल करू नयेत, एवढीच काय ती सवलत.

पदवीचा अधिकार

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ नुसार पदवी तिघेच देऊ शकतात: संसदेच्या वा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, केंद्र सरकारने अभिमत म्हणून घोषित केलेली संस्था, आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. आयआयटी या तिसऱ्या गटात मोडतात. कीर्ती आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे उत्तम उदाहरण म्हणजे भारतीय व्यवस्थापन संस्था. अहमदाबादची आयआयएम १९६१ मध्ये सुरू झाली, तिथे प्रवेश मिळावा म्हणून देशभरातील तरुण झटत राहिले. तरीही संस्था नोंदणी कायद्याखाली स्थापन झाल्यामुळे ती कित्येक दशके पदवी देऊ शकत नव्हती. तिथून बाहेर पडणाऱ्याच्या हाती पदव्युत्तर पदविका असे. आयआयएमविषयक २०१७ चा कायदा जानेवारी २०१८ मध्ये अमलात आला, तेव्हा हा अधिकार मिळाला.

उलट बाजूचे उदाहरण छत्तीसगडचे. त्या राज्याने २००२ मध्ये खासगी विद्यापीठांसाठी असा कायदा केला की नुसत्या राजपत्रातील अधिसूचनेने विद्यापीठ जन्माला येई. अल्पावधीत तब्बल ११२ विद्यापीठे स्थापन झाली. अनेकांना इमारतही नव्हती. यूजीसीचे माजी अध्यक्ष व नामवंत शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांनी याविरुद्ध याचिका केली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संबंधित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्थांना राज्यातील विद्यापीठांशी संलग्न करून घेण्याची सूचनाही निकालात होती.

बनावट विद्यापीठांची यादी यूजीसी वेळोवेळी प्रसिद्ध करते. मात्र अधिकार नसता पदवी वाटणाऱ्यास १९५६ च्या कायद्याने ठरवलेली शिक्षा आहे एक हजार रुपयांपर्यंतचा दंड! एका विद्यार्थ्याच्या एका सत्राच्या शुल्काइतकाही तो होत नाही.

अभ्यासक्रम जन्मतो कसा?

महाराष्ट्रातील शासकीय विद्यापीठांचा कारभार २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार चालतो. नव्या अभ्यासक्रमाचा पहिला मसुदा तयार होतो तो त्या विषयाच्या अभ्यास मंडळात. विद्यापीठातील व महाविद्यालयांतील विषयाचे अध्यापक आणि बाहेरचे तज्ज्ञ या मंडळावर असतात. कोणते प्रकरण ठेवायचे, कोणते गाळायचे, प्रात्यक्षिकाला किती तास, कोणती संदर्भपुस्तके, हा सारा खल इथे होतो. विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारे शिक्षण खऱ्या अर्थाने याच टेबलावर ठरते. पुढच्या पायऱ्यांवर मसुद्यातील आशय क्वचितच बदलतो. म्हणूनच अभ्यास मंडळांवरील निवडी आणि नियुक्त्या या विद्यापीठीय राजकारणाच्या गाभ्याशी असतात, आणि मंडळे वेळेवर स्थापन झाली नाहीत की जुनाच अभ्यासक्रम वर्षानुवर्षे पुढे रेटला जातो.

मंडळाची शिफारस विद्याशाखेकडे जाते. २०१६ च्या कायद्याने विद्याशाखा चारच ठेवल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. तिथून प्रस्ताव विद्या परिषदेपुढे येतो. शैक्षणिक बाबतींतील हे मुख्य प्राधिकरण. प्रवेशाची पात्रता, परीक्षेची पद्धत, उत्तीर्णतेचे निकष यांना इथे मान्यता मिळते. आता यात श्रेयांकांचे गणितही सांभाळावे लागते: साधारणपणे पंधरा तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाच्या तीस तासांना एक; तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या पदवीला किमान १६०.

विद्या परिषदेची संमती म्हणजे अंतिम शब्द असे मात्र नाही. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये आपल्या प्राधिकरणांच्या मंजुरीने चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. पुढच्याच वर्षी, जून २०१४ मध्ये, यूजीसीच्या आदेशानंतर तो मागे घ्यावा लागला आणि पहिले वर्ष पार केलेले विद्यार्थी पुन्हा तीन वर्षांच्या चौकटीत आणले गेले. गंमत अशी, की राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार त्याच विद्यापीठात २०२२ पासून चार वर्षांची पदवी पुन्हा अवतरली. पदवीच्या नावाचेही तसेच. कोणत्या नावाच्या पदव्या देता येतात, याची यादी यूजीसी राजपत्रात प्रसिद्ध करते. त्या यादीबाहेरचे आकर्षक नाव विद्यापीठाने शोधून काढले, तर अभ्यासक्रम कितीही उत्तम असो, ते नाव पदवीपत्रावर वापरण्यास आधार राहत नाही.

संलग्नतेचा वारसा

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. १९०४ च्या कायद्याने महाविद्यालयांच्या तपासणीचे नियम कडक केले. तो सांगाडा अजून टिकून आहे. फरक संख्येचा: आज एकट्या मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली आठशेहून अधिक महाविद्यालये आहेत.

नवे महाविद्यालय किंवा जुन्या महाविद्यालयात नवा अभ्यासक्रम सुरू करायचा, तर ते ठिकाण विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात बसावे लागते. दर पाच वर्षांसाठी तयार होणाऱ्या या आराखड्यात कोणत्या भागात कशाची गरज आहे, हे ठरवलेले असते. संस्थेचा अर्ज विद्यापीठामार्फत शासनाकडे जातो. नव्या महाविद्यालयाला आधी इरादापत्र आणि अटींची पूर्तता झाल्यावर अंतिम परवानगी मिळते. त्यानंतरच विद्यापीठ चौकशी समिती पाठवून संलग्नतेचा निर्णय घेते. समिती जागा, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि अध्यापकांची पात्रता पाहते. कागदोपत्री ही पद्धत निर्दोष आहे. प्रत्यक्षात समिती येण्याच्या दिवसापुरती पुस्तके आणि अध्यापक गोळा होण्याचे प्रकार शिक्षणक्षेत्राला अपरिचित नाहीत.

संलग्नता सरसकट नसते, हे पालकांनी विशेष ध्यानात घ्यायला हवे. ती ठरावीक अभ्यासक्रमाला, ठरावीक प्रवेश क्षमतेपुरती आणि कायम संलग्नता मिळेपर्यंत ठरावीक मुदतीसाठी असते. महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेला चाळीस वर्षांची संलग्नता असेल आणि त्याच इमारतीत गेल्या वर्षी सुरू झालेल्या वर्गाला ती नसेलही. स्वायत्त महाविद्यालये स्वतःचे अभ्यास मंडळ व विद्या परिषद नेमून अभ्यासक्रम आखतात, परीक्षाही घेतात; पदवी मात्र मूळ विद्यापीठाचीच असते.

व्यावसायिक अभ्यासक्रमांना आणखी एक दार ओलांडावे लागते. वैद्यकीय शिक्षणासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, विधी शिक्षणासाठी बार कौन्सिल, वास्तुशास्त्रासाठी वास्तुकला परिषद. इथे मान्यता नसेल तर पदवी मिळूनही व्यवसायासाठी नोंदणी होत नाही. तंत्रशिक्षण परिषदेची कक्षा किती, हा वाद तर न्यायालयांत वारंवार गेला. विद्यापीठाला स्वतःच्या आवारात तांत्रिक अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी परिषदेची पूर्वपरवानगी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले. २०२४-२५ पासून परिषदेने बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सामायिक प्रवेश परीक्षा आली. तेव्हा मुंबईतील अनेक महाविद्यालयांनी बीएमएसचे नाव बदलून ‘बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज’ असे केले. पाटी बदलली, परीक्षा टळली. वर्गात काय बदलले, हे ज्याचे त्याने पाहावे.

श्रेणी कशाची?

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे ‘नॅक’, यूजीसीने १९९४ मध्ये बेंगळुरूत स्थापन केली. ती मोजते संस्थेला, अभ्यासक्रमाला नव्हे. अध्यापन, संशोधन, सुविधा, प्रशासन अशा सात निकषांवर चारपैकी गुण देण्याची आणि ३.५१ च्या वर सर्वोच्च ‘अ++’ श्रेणी देण्याची तिची पद्धत रूढ झाली. संस्थेचा स्वयंमूल्यमापन अहवाल, त्यातील आकडेवारीची पडताळणी आणि समितीची प्रत्यक्ष भेट असा तो प्रवास. फेब्रुवारी २०२५ मध्ये अनुकूल श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अशा समितीतील सदस्यांनाच सीबीआयने अटक केली, तेव्हा श्रेणीच्या विश्वासार्हतेलाच धक्का बसला. श्रेणींऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ एवढेच सांगणारी द्विस्तरीय पद्धत आणण्याचे नॅकने २०२४ मध्येच जाहीर केले होते.

तांत्रिक अभ्यासक्रमांचे स्वतंत्र मूल्यांकन करते ते एनबीए हे मंडळ. इथे एकाच महाविद्यालयातील संगणक शाखा अधिस्वीकृत आणि स्थापत्य शाखा नाही, असे होऊ शकते. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी याला विशेष महत्त्व आहे. जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. एनबीएने या कराराच्या कक्षेत अधिस्वीकृत केलेल्या अभियांत्रिकी पदवीला अन्य सदस्य देशांत समकक्ष मानले जाण्याची वाट त्यामुळे खुली झाली. नॅकची उत्तम श्रेणी हे काम करीत नाही.

संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवावी, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. तोवर प्रवेश घेणाऱ्याने माहितीपत्रकापेक्षा मूळ कागद पाहणे बरे: त्या वर्षीचे विद्यापीठाचे संलग्नतापत्र, त्यावरील अभ्यासक्रमाचे नेमके नाव व प्रवेश क्षमता, व्यावसायिक अभ्यासक्रम असल्यास संबंधित परिषदेची मंजुरी, आणि दूरशिक्षण वा ऑनलाइन अभ्यासक्रम असल्यास यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीतील नोंद. ही शेवटची मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. ती अभ्यासक्रमागणिक वेगळी घ्यावी लागते.